शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष झालेय. सही सोडून माझं काम काय असतं?

माणदेशी_सुईदोरा

नमस्कार. मोठं लिहिलंय, सवड असेल तरच वाचा.

मी माण तालुक्यातली, म्हसवडच्या अलीकडं आमची वस्ती. घरी शिलाई मशीन आहे. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश, सगळं शिवते. शिक्षण बारावी, माहेर आटपाडी. थोरली सातवीला आहे, एसटीनं जाते. बारका तिसरीत, वस्तीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, पट २७. गेल्या साली ३४ होता. मधे पिवळी गाडी यायला लागली, इंग्रजी शाळेची, तिच्यात सात पोरं गेली.

जुलैत पालक सभा होती. मी खरं तर सभेला गेलेच नव्हते, दोन चड्ड्या उसवल्या होत्या त्या टाके घालून द्यायला गेले होते. आम्ही सगळे मिळून सात जण. कुणीतरी म्हणालं, यंदा अध्यक्ष बाईच करा, निम्म्या बायका लागतात म्हणे. सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण माझी सही इंग्रजीत आहे. टाळ्या वाजल्या, पेढा मिळाला. आमचे एक चुलत दीर आहेत, जुने सदस्य, ते म्हणाले, "वहिनी, घाबरू नका. नुसती सही करायची."

तेव्हापासून चार वेळा रजिस्टर घरी आलंय. चौथीतला एक पोरगा काखेत मारून आणतो. मी मशीनच्या पायट्यावरचा पाय न काढता सही करते. बैठक झाली असं त्यात लिहिलेलं असतं. मी हजर होते असंही लिहिलेलं असतं.

आता मुद्द्याचं. दिवाळीच्या सुट्टीत बारका मराठीचा धडा घडाघडा वाचत बसला होता. मी हुक लावत होते. सहज मान वर केली तर पान भलतंच उघडलेलं. बोट एका ओळीवर, तोंड दुसरीकडं. धडा पाठ होता त्याचा. मी पुस्तक मिटलं आणि माझी मापांची वही पुढं केली. "हे वाच." 'उंची' वाचलं, 'छाती' वाचलं. 'मुंढा'ला, म्हणजे खांद्याखालच्या बाहीच्या मापाला, अडकला. 'कंबर'लाही अडकला. तिसरीत आहे हो.

त्याचा राग नाही आला, माझाच आला. रोज विचारते, अभ्यास झाला का. तो म्हणतो झाला. झालं माझं आईपण.

दुसऱ्या दिवशी वस्तीवरची पाच पोरं माप घ्यायचं निमित्त करून बोलावली आणि कापडाच्या पिशवीवरची जाहिरात वाचायला लावली. तीन अडकली.

सर वाईट नाहीत, हे आधीच सांगते. एकेकाला दोन वर्ग, त्यात मतदार याद्या, त्यात ऑनलाइन माहिती. रेंज नसते, मग मोठे सर पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर चढून मोबाइल वर धरून उभे राहतात. खालून पोरं "आली का रेंज?" म्हणून ओरडतात. अशा माणसाकडं तक्रार कशी करायची?

पालकांचं म्हणाल तर पाच-सहा घरं मेंढरांची. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर पडतात, पोरं आज्जीपाशी. बाकीचे रोजानं जातात. बैठक असते सकाळी अकराला. अकराला आलं तर तीनशेची हजेरी बुडते. बापे लोक शाळेत दिसतात ते १५ ऑगस्टला.

म्हणून विचारते:

अध्यक्षाला खरंच काही अधिकार असतो का, की दीर म्हणतात तेच खरं?

पोरांना वाचता येत नाही हे सरांना कसं सांगू? माझं पोरगं अजून दीड वर्ष त्यांच्याच हाताखाली आहे.

आणि ज्यांना स्वतःला अक्षर येत नाही त्या पालकांनी शाळेत येऊन करायचं तरी काय?

नवरा म्हणतो, तू शिवण शिव. म्हणून इथं विचारतेय.

---

निवृत्त_हेडमास्तर_करवीर

ताई, प्रथम अभिनंदन. चौतीस वर्षे नोकरी केली, त्यातली तेरा मुख्याध्यापक म्हणून. त्यामुळे आधी माझी कबुली. ते रजिस्टर मीही असंच घरोघर पाठवलेलं आहे. शिपाई नसतो, महिनाअखेर असते, केंद्रप्रमुख कागद मागतात. मग चौथीतलं एखादं चलाख पोरगं धरायचं. तुमच्या सरांना लगेच चोर ठरवू नका. पण यापुढं न झालेल्या बैठकीवर सही करू नका.

तुमचे दीर चूक आहेत. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या कलम २१ ने ही समिती आलेली आहे. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला. अध्यक्ष पालकांतलाच, मुख्याध्यापक सचिव. म्हणजे कायद्याने सर तुमचे सचिव लागतात. हे त्यांना ऐकवायला जाऊ नका, मनात ठेवा. महिन्याला एक बैठक, मुदत दोन वर्षे. काम काय, तर शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळेचा विकास आराखडा करणं आणि आलेला पैसा कसा खर्च होतो ते बघणं.

पैशाचं म्हणाल तर तुमच्या पटाला वर्षाला किती येतात माहीत आहे? समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान, ३० पर्यंत पटाला १० हजार रुपये. गेल्या वर्षी ३४ होता ना? तीसच्या वर गेलं की २५ हजार. त्या पिवळ्या गाडीने सात पोरंच नाही नेली, वर्षाचे पंधरा हजारही नेले. उरलेल्या दहा हजारात खडू, रजिस्टरं, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, शिवाय किमान दहा टक्के स्वच्छतेवर. समितीच्या खात्यावर तुमची आणि सरांची, दोघांची सही असते. एकदा पासबुक मागून घ्या. संशय म्हणून नाही. पैसे किती कमी आहेत हे तुम्हाला आकड्यात दिसलं की सरांशी बोलताना तुमचा सूरच वेगळा लागेल. पाण्याची टाकी, स्वच्छतागृह असलं काही मोडलं असेल तर ते या दहा हजारातून करत बसू नका. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा बंधित निधी येतो, तो पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो. समितीचा ठराव घेऊन ग्रामसभेत जा.

एक धोक्याची गोष्ट. गावात नवा अध्यक्ष झाला की पहिला जातो तांदळाच्या पोत्यापाशी. पहिली ते पाचवीला पोरामागे १०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे २७ पोरं हजर असतील तर दोन किलो सातशे. हिशेब सोपा आहे, तो जरूर करा, खिचडीची चवही घ्या, चवीची नोंदवही असते. पण सुरुवात तिथून केलीत तर वर्षभर शाळेत तांदूळ सोडून दुसरा विषय निघणार नाही. मी असे तीन अध्यक्ष पाहिले. तांदूळ काट्यावर बरोबर भरला, पोरं मात्र तशीच चौथीतून पाचवीत गेली.

अकराच्या बैठकीला माझ्याकडेही कुणी यायचं नाही. एका वर्षी मी बैठक संध्याकाळी साडेसातला मारुतीच्या देवळात लावली. लोक डेअरीला दूध घालून मोकळ्या किटल्या घेऊन तसेच यायचे. पहिल्याच वेळी बत्तीस जण. आमच्या शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचं शिक्षण आणलं, तेव्हा पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. निवृत्तीच्या भाषणात मी म्हणालो, आता तोच दंड सभेला न येणाऱ्यांना लावा. कुणी हसलं नाही.

---

कोथरूडचा_बाप

ताई, तुमचं वाचून मला हेवा वाटला. खरंच.

आमची खासगी विनाअनुदानित शाळा, त्यामुळे तुमच्यासारखी समिती आम्हाला लागू नाही. पालक-शिक्षक संघ असतो. राज्याच्या २०११ च्या शुल्क कायद्याप्रमाणे त्याच्या कार्यकारी समितीवर इच्छुक पालकांतून सोडत काढून माणसं घेतात. यंदा माझी चिठ्ठी निघाली. फीचा प्रस्ताव याच समितीपुढे यावा लागतो. आला. अठ्ठावीस पानं, बैठक संपायला वीस मिनिटं असताना, चहा-सामोसे येत असताना. मी म्हणालो, घरी नेऊन वाचतो. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी सामोसा घरी नेतो म्हणालो.

बाकी आमचा सहभाग म्हणजे व्हॉट्सअॅप ग्रुप. परवा चार्ट पेपर आकाशी की निळा यावर एक्केचाळीस मेसेज पडले. मुलीचा सूर्यमालेचा प्रोजेक्ट मी रात्री साडेअकराला थर्माकोल कापून पुरा केला, ए प्लस मिळाला. शनीची कडी मी केली होती. ती झोपली होती.

तुम्ही मुलाला भलतं पान उघडं असताना पकडलंत. माझी मुलगी वाचते की पाठ म्हणते, मला अजून तेही माहीत नाही.

---

कोयत्याचं_पोर

मी बीड जिल्ह्यातला, केजकडचा. आता पुण्यात कंपनीत आहे. आईबाप ऊसतोडीला. दसरा-दिवाळी झाली की टोळी निघायची, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परत. तुमच्या मेंढपाळांच्या पोरांसारखाच मी, आज्जीपाशी राहिलेला.

आमच्या शाळेत हंगामी वसतिगृह होतं. चालवायची शाळा व्यवस्थापन समितीच. दोन टाइम जेवण तिथं, झोपायला आज्जीकडं. म्हणजे समितीला काही करता येत नाही असं कुणी म्हणालं तर खोटं, आमची समिती जेवू घालायची.

पण मला तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंय. माझ्या आज्जीला अक्षर येत नव्हतं. वसतिगृहात जेवून आलो तरी घरी तिच्या भाकरी चालू असायच्या. ती चुलीपुढं, मी चिमणीच्या उजेडाला पुस्तक घेऊन. म्हणायची, वाच. मी वाचायचो. अडखळलो की तिचा थापायचा हात थांबायचा. "परत म्हण." मला कित्येक वर्षं वाटायचं हिला वाचता येतं. सातवीत गेल्यावर कळलं की तिला नुसता माझा आवाज कळत होता. अडखळतोय कुठं, दडपून नेतोय कुठं, ते.

तुमच्या बारक्यासारखं पाठ म्हणायची हुशारी मीही केली. ती तिनं दोन दिवसांत ओळखली. म्हणाली, आता खालनं वर वाच. शेवटची ओळ आधी, मग तिच्या वरची. पाठ केलेलं उलटं म्हणता येत नाही ना. रडलो होतो मी.

एवढंच यायचं तिला सांगता. आता ती नाही.

---

वर्गातली_बाई

मी आत्ता नोकरीत आहे, जिल्हा परिषद, दुसरी-तिसरी. म्हणून थोडं कडू लिहिते.

हेडमास्तर सर, साडेसातला देवळात बैठक लावा हे सांगायला सोपं आहे. मी ३८ किलोमीटर स्कूटीवरून येते. साडेसातची बैठक म्हणजे रात्री साडेनऊला मी घाटात. दुसरं, देवळात सगळेच येतात असं नाही. आमच्या गावात एका आळीतल्या बायका देवळाच्या पायरीशी थांबतात, आत येत नाहीत. का ते तुम्हाला मी सांगायला नको. त्यांची पोरं माझ्या वर्गात निम्मी आहेत. बैठक शाळेतच हवी.

सुईदोरा ताई, सरांकडे जाताना रजिस्टर घेऊन जाऊ नका, मुलाचं पुस्तक घेऊन जा. रजिस्टर काखेत मारून आलेला पालक दिसला की आम्हाला धसका बसतो, कारण बहुतेक वेळा मागून तक्रारच येते, तीही पंचायत समितीत आधी आणि आमच्याकडे नंतर. पुस्तक घेऊन आलेली आई मला अकरा वर्षांत किती वेळा भेटली? बोटांवर मोजते. त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये आमचं कर्तव्य लिहिलेलं आहे, पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी आणि प्रगती सांगायची. म्हणजे तुम्ही विचारलंत तर तो आगाऊपणा होत नाही.

निवडणुकीचं काम मात्र सरांना टाळता येत नाही. कायद्यानेच जनगणना, आपत्ती आणि निवडणूक आमच्या गळ्यात ठेवली आहे. त्यावरून त्यांना बोलू नका.

आणखी एक. २०२२ पासून पहिलीच्या मुलांसाठी 'पहिले पाऊल' म्हणून शाळापूर्व तयारी मेळावे होतात, त्यातून वस्तीवस्तीवर माता पालक गट केलेले आहेत. तुमच्या शाळेतही कागदावर एक गट असणार, त्याची एक लीडर माताही असणार. विचारा कोण आहे. कदाचित तिलाच माहीत नसेल.

आणि कृपा करून निरक्षर आईला "घरी अभ्यास घ्या" म्हणू नका. आम्ही म्हणतो आणि ती मान खाली घालते, पुढच्या वेळी येतच नाही. बीडच्या भाऊंनी लिहिलंय ते कितीतरी बरं.

---

निवृत्त_हेडमास्तर_करवीर

बाईंचं बरोबर आहे. देवळाच्या पायरीवर कोण थांबलं होतं ते मी त्या वेळी मोजलं नाही. बत्तीस मोजले.

कोथरूडकर, शनीची कडी पुढच्या वेळी मुलीला कापू द्या.

---

माणदेशी_सुईदोरा

महिन्यानं लिहितेय. लग्नसराई आहे, मशीन बंद होत नाही.

बारक्याचं पुस्तक घेऊन गेले, शाळा सुटायच्या वेळी. सरांना सांगितलं, हा पाठ म्हणतो, वाचत नाही. सर जरा गप्प बसले. मग म्हणाले, "माहीत आहे मला." कपाटातून एक कागद काढला. २७ नावं, त्यातल्या बारा नावांपुढं पेन्सिलीची खूण. बारक्याच्या नावापुढं होती. ऑगस्टपासून होती.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, सर, मग मला सांगितलं का नाही? सर म्हणाले, "बैठकीत सांगणार होतो, वहिनी. बैठक झाली की नाही? तुमची सही आहे."

काय बोलणार यावर? मी खाली बघितलं, त्यांनीही बघितलं. मग त्यांनी चहा ठेवला, खिचडीच्याच खोलीत. तिथंच ठरलं की रजिस्टर आता घरी यायचं नाही.

बैठक साडेचारला लावली, शाळेच्या लिंबाखाली. सरांची एसटी सव्वासहाची आहे. रोजावर जाणाऱ्या बायका त्या दिवशी एक तास आधी सुटून आल्या, मी आदल्या दिवशी मुकादमाच्या बायकोचा ब्लाउज फुकट शिवून दिला होता. हे कायद्यात बसतं का माहीत नाही. एकवीस घरांतली सोळा आली. लीडर माता कोण हेही कळलं. मीच आहे. २०२२ साली बारका अंगणवाडीत असताना मी कशावर तरी सही केली होती.

भाषण ठेवलं नाही. प्रत्येक पोरानं आपल्या माणसापुढं तीन ओळी वाचायच्या, खालनं वर. बीडच्या भाऊंची आज्जी आमच्या वस्तीवर आली म्हणा.

इथं माझं चुकलं, ते लिहिते. सगळ्यांपुढं वाचायला लावायला नको होतं. दुसरीतलं एक पोरगं अडकलं, पोरं हसली, आणि त्याच्या बापानं तिथंच त्याच्या थोबाडीत मारली. सर मधे पडले. बाप तसाच उठून गेला, पोरगं दोन दिवस शाळेत आलं नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले, त्याच्या आईला घेऊन आले, खोलीत एकटीपुढं वाचायला लावलं. आता तसंच करतोय, एक पोरगं, एक माणूस, दार लोटून. वेळ लागतो. बारातल्या सात जणांचं झालंय.

मेंढरांच्या घरातली एक आज्जी आहे, सत्तरी पार केलेली. नातू वाचता वाचता थांबला तर ती सरांना म्हणाली, "ह्याला येत न्हाई त्ये मला ठावं हुतं. कुणाला सांगायचं त्ये ठावं नव्हतं." आता रोज संध्याकाळी नातवाला घेऊन माझ्या दारात बसते. तिच्या मागून आणखी पाच पोरं येतात. मी शिवत असते, पोरं मापांची वही वाचतात. बाहीची लांबी, मागचा गळा. गिऱ्हाइकाची मापं सगळ्या वस्तीला कळायला लागली म्हणून एका बाईनं तक्रार केली, तर आता नावं झाकून देते. 'मुंढा' सगळ्यांना येतो. बारक्याला जोडाक्षरं अजून जड जातात, पण बोट ओळीवर असतं.

पासबुकही बघितलं. चार हजार सहाशे शिल्लक, वीजबिल भरायचंय. हेडमास्तर काका, तुम्ही म्हणाला होता तसं झालं, आकडा बघितल्यावर मला सरांचंच वाईट वाटलं.

नवरा अजून म्हणतो शिवण शिव. पण परवा रेंज यावी म्हणून सरांना आमच्या गच्चीची किल्ली त्यानंच दिली.

आता एक अडलंय. ठराव मला लिहायचाय. आतापर्यंत सर लिहायचे. काय आणि कसं लिहायचं?

---

निवृत्त_हेडमास्तर_करवीर

शाब्बास, आणि थोबाडीतलं लिहिलंत हे बरं केलंत.

ठरावात अलंकार नकोत. बैठकीची तारीख, वेळ, ठिकाण, हजर किती. मग विषय, मग ठराव, शेवटी सूचक आणि अनुमोदक. दोघेही समितीचे सदस्यच हवेत. शेवटी 'सर्वानुमते मंजूर', पण सर्वानुमते झालं असेल तरच. सह्या शेवटच्या ओळीच्या लगेच खाली घ्या. मधे जागा सोडू नका. सोडलेल्या जागेत काय काय लिहिलं जातं ते मी पाहिलं आहे.

---

माणदेशी_सुईदोरा

लिहिलं. मशीनवर वही ठेवून लिहिलं म्हणून अक्षर जरा नाचलंय.

"विषय १. वाचन. ठराव क्र. १. दर महिन्याच्या बैठकीआधी प्रत्येक मुलाचं वाचन त्याच्या घरच्या माणसाने शाळेत येऊन, एकट्याने, दार लोटून ऐकायचं. अक्षर येत नसलेल्या माणसानेही ऐकायचं. मारायचं नाही, हसायचं नाही. बैठक साडेचारलाच. रजिस्टर शाळेतच राहील."

मारायचं नाही हे ठरावात घालतात का? घातलंय.

अनुमोदक म्हणून मी त्या मेंढपाळ आज्जींना धरलं होतं, पण तुम्ही म्हणालात सदस्य पाहिजे, आणि त्या सदस्य नाहीत. म्हणून दुसऱ्या बाईंचं नाव घातलं. तर आज्जी बसल्या होत्याच. सगळ्यांच्या सह्या चाललेल्या बघून त्यांनी शाईच्या पॅडवर अंगठा दाबला आणि शेवटच्या सहीच्या खाली उठवून मोकळ्या झाल्या. सर म्हणतात तपासणीला विचारतील. खोडायचा का?

---

निवृत्त_हेडमास्तर_करवीर

खोडू नका. शेजारी लिहा, 'निमंत्रित, पालक, इयत्ता अमुक'. नातवाचा सांभाळ करतात म्हणजे कायद्यानेही त्या पालकच. सदस्याची जागा रिकामी झाली की पहिलं नाव त्यांचं घ्या.